क्लच बदलता येतो

पहाटे साडेपाच

धायरीतलं माझं गॅरेज नऊला उघडतं, पण जुनी गाडी तपासायची असते तो दिवस पहाटेच सुरू होतो. गाडी घेणाऱ्याच्या बाजूने ती पाहायची, चालवायची, तिचे कागद वाचायचे आणि घ्यावी की नको ते स्पष्ट सांगायचं, हे काम मी दुरुस्तीच्या जोडीला बरीच वर्षं करतो आहे. आज गाड्या दोन आणि गिऱ्हाईक एक. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून इंटर्नशिप करणारी मुलगी. हॉस्पिटल धनकवडीच्या बाजूला, ड्युटी कधी रात्री दहाला सुटते. एक आड एक शनिवारी वाईजवळच्या गावी आजीकडे जायचं असतं. वडील एस.टी.त चालक होते, नुकतेच निवृत्त झाले. घरात पाच लाख बाजूला काढून ठेवलेले आहेत आणि त्यावर बाप-लेकीत एकमत नाही.

मुलीला हवी आहे २०१३ ची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय, हाताने गिअर टाकायची. मालक तीन लाख मागतो. वडिलांना हवी आहे २०२० ची वॅगनआर, १.२ लिटर, ऑटोमॅटिक. तिचे पाच लाख दहा हजार सांगितले आहेत.

पिशवीत टॉर्च, छोटा आरसा, स्कॅनर, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि दोन स्वच्छ फडकी टाकली.

सहा

स्विफ्टच्या मालकाला रात्रीच फोन करून सांगितलं होतं, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. रात्रभर थंड झालेलं इंजिन पहिल्या सेल्फला काय बोलतं, त्यावरून निम्मी गाडी कळते. गरम इंजिन बरंच काही झाकून नेतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर मी आधी बोनेटवर हात ठेवला. गार होतं. मालक निवृत्त बँक कर्मचारी, पहिलाच मालक, मीटरवर ६२ हजार.

सेल्फ मारला. टायमिंग चेनचा आवाज नाही, निळा धूर नाही. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतून पाहिलं, पांढरी साय धरलेली नाही, म्हणजे पाणी तेलात मिसळत नाही. दरवाज्यांचं रबर खाली ओढून चौकटीवरचे वेल्डिंगचे ठिपके पाहिले. कारखान्यातून आलेले ठिपके सारख्या अंतरावर आणि गोल असतात. ठोकून सरळ केलेल्या गाडीत ते वेडेवाकडे होतात किंवा पुटीखाली गायब होतात. इथे सगळे जागच्या जागी. बोनेटच्या बोल्टांना पाना लागलेला नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, कारण पाण्यात गेलेली गाडी धुऊन पुसून चकचकीत करता येते, पण बेल्टच्या गुंडाळीतली चिखलाची रेघ बहुतेक जण विसरतात. रेघ नव्हती.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. इथे २२१८. नक्षी अजून दिसते, पण २०१८ मधलं रबर आता कडक झालेलं आहे. चारही बदलायचे.

मग डॅशबोर्डकडे वळलो. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते मी प्रत्येक गाडीत बघतो. या गाडीत तो दिवाच नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. त्या सालच्या पेट्रोल स्विफ्टमध्ये हे हवं असेल तर झेडएक्सआय घ्यावी लागे, आणि हौसेने पहिली गाडी घेणाऱ्या बहुतेकांनी तेवढे पैसे वाचवले. दोष कोणा एकाचा नाही, कायद्यानेच तेव्हा ते मागितलं नव्हतं. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून. तोवर लाखो गाड्या रस्त्यावर आल्या होत्या आणि आज त्याच विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये बसतात.

वहीत लिहिलं: गाडी जपलेली आहे. सुरक्षेचं काही नाही.

सव्वासात

मुलगी चालवायला बसली. मी मुद्दाम जुना कात्रज घाट निवडला, सकाळी तिथे वर्दळ कमी असते आणि क्लच लपत नाही. नवले पुलापर्यंत ती घाबरत होती, पुढे हात मोकळा झाला. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये तीसच्या आसपास असताना तिला म्हटलं, "ताई, आता रेस पूर्ण दाबा." इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढले. आवाज चढला आणि गाडी मागे राहिली असती तर क्लच घसरते असं समजायचं. दुसरा गिअर अडत नव्हता. खडबडीत रस्त्यावर पुढच्या डाव्या चाकाशी खडखड होती, लोअर आर्मचे बुश. किरकोळ.

घाटात एका वळणावर पुढे टेम्पो थांबला. तिने ब्रेक न धरता हाफ क्लचवर गाडी तोलून धरली. शिकवणी वर्गात हे कौतुकाने शिकवतात. मी तिला थांबवून हँडब्रेक ओढायला लावला, न्यूट्रल करायला लावलं, आणि मग हँडब्रेकवरून गाडी उचलायला लावली. तिसऱ्या वेळी जमलं तेव्हा ती खुलली.

"काका, हीच गाडी घ्यायची मला. हातात असल्यासारखी वाटते."

मला ते पटतं. चढावर नेमका गिअर आपण निवडतो, इंजिन काय मागतंय ते पायाला कळतं, आणि हे एकदा शिकलेलं माणूस कुठल्याही गाडीत बसू शकतं. बॅटरी उतरली तर चार माणसं धक्का मारून दुसऱ्या गिअरवर गाडी सुरू करतात. वॅगनआरमध्ये ते जमायचं नाही. पैशाचं तिचं म्हणणंही खरं आहे. तिला पुढे मास्टर्स करायचं आहे आणि वाचलेले दोन लाख फीला उपयोगी पडतील.

नऊ

गॅरेजवर अण्णा, म्हणजे तिचे वडील, आधीच येऊन बसले होते. गॅरेजमधल्या पोराने शटर उघडून चहा सांगितला होता. स्विफ्ट लिफ्टवर घेतली, खालून गंज नाही, सायलेन्सर शाबूत. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांना हात लावला.

"मिस्त्री, गाडी चांगली आहे, पण मला नको," ते म्हणाले.

आयुष्यभर एस.टी. चालवलेला माणूस ऑटोमॅटिक मागतो याचं मुलीला नवल वाटत होतं. अण्णांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. वाई-मुंबईच्या गाडीवर त्यांनी जितकी वर्षं काढली, त्यात क्लच किती वेळा दाबला असेल त्याला गणतीच नाही. बसचा क्लच आणि छोट्या गाडीचा क्लच यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण झिजलेला गुडघा तो फरक मानत नाही. आजीला गावाहून आणायचं तर कधी तेही चालवणार. मुलगी हॉस्पिटलात अशाच गुडघ्यांचे व्यायाम घेते. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

साडेदहा

वॅगनआर वारज्यात उभी होती. ऑटोमॅटिक मी कधीच मोकळ्या रस्त्यावर तपासत नाही. वारजे ते नवले पूल या पट्ट्यात साडेदहाला जी गर्दी असते तीच हवी असते, कारण या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं दुखणं रांगत चालताना बाहेर येतं.

मालक हिंजवडीला नोकरी करणारा तरुण. मीटरवर ५४ हजार, बहुतेक सगळे त्याच रस्त्यावरचे. त्याने काही लपवलं नाही. स्कॅनर लावला, जुना किंवा नवा कुठलाही फॉल्ट नाही. एअरबॅगचा दिवा लागला आणि वेळेत विझला. एबीएसचाही. हे दिवे मुळात लागलेच नाहीत तर जास्त काळजी करावी, कारण ठोकल्यावर एअरबॅग न बदलता दिव्याची तारच काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. डाव्या मागच्या दरवाज्याला पुन्हा रंग मारलेला होता, यंत्राने लगेच दाखवलं, पण आतला पत्रा सरळ होता. पार्किंगमधली घासाघीस.

मग गर्दीत शिरलो. ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळू पुढे सरकते, तेवढं ठीक. पण पहिल्या गिअरमध्ये सुटताना थरथर येत होती, चार-पाच वेळा थांबून सुटल्यावर ती वाढली. एका छोट्या चढावर ब्रेकवरून पाय रेसवर नेईपर्यंत गाडी वीतभर मागे आली. चढावर ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी हिल होल्डची सोय वॅगनआरच्या ऑटोमॅटिकला २०२२ च्या सुधारित मॉडेलपासून आली. ही त्याआधीची. म्हणजे हँडब्रेक ओढायची सकाळची शिकवणी इथेही लागणार.

मुलीच्या चेहऱ्यावर स्विफ्ट जिंकल्याचं समाधान दिसत होतं. खरं होतं तिचं. दोन्हींत जास्त जपलेली गाडी स्विफ्टच होती.

एक

जेवणाआधी कागद. वॅगनआरच्या सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या वर्कशॉपमधून मालकाने मागवून घेतल्या. दर वेळचे किलोमीटर चढत्या क्रमाने जुळतात, म्हणजे मीटर मागे फिरवलेला नाही. कर्ज फिटलेलं आहे, पण आर.सी.वर बँकेचा बोजा तसाच. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं मी लिहून दिलं. स्विफ्टच्या आर.सी.वर बोजा नाही. पण तिची नोंदणी मार्च २०१३ ची आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षं चालते, म्हणजे मार्च २०२८ ला ती संपेल. त्यानंतर गाडी तपासणीला न्यायची, पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीला सहाशेवरून पाच हजार झाली आहे, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घ्यायची.

विम्याबाबत मुलीचा एक गैरसमज दूर केला. वॅगनआरच्या मालकाला विम्यात मोठी नो क्लेम सवलत होती आणि ती गाडीबरोबर आपल्याला मिळेल असं तिला वाटत होतं. ती सवलत माणसाची असते, गाडीची नसते. नावावर करून घेताना फरकाचे पैसे भरावे लागतात आणि विमा चौदा दिवसांत बदलून घ्यावा लागतो.

दोन्ही मालकांना मी आणखी एक गोष्ट सांगितली: गाडी विकली तरी आर.टी.ओ.त नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमचीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे, की अपघाताच्या भरपाईपुरता नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. विकणाऱ्याने हे ऐकलं की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायला तो चालढकल करत नाही.

डबा खाल्ला. पिठलं-भाकरी.

अडीच

दुपारी गॅरेजवर एका गिऱ्हाइकाच्या ऑटोमॅटिक गाडीचं क्लचचं काम चालू होतं आणि गिअरबॉक्स खाली उतरवलेला होता. मी बाप-लेकीला जवळ बोलावलं. अशी संधी गाडी घेणाऱ्याला सहसा मिळत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ आणली आणि तिच्यासोबत आपल्याकडे स्वस्तातली ऑटोमॅटिक आली. कंपनी तिला ऑटो गिअर शिफ्ट म्हणते, बाजार एएमटी म्हणतो. त्याआधी ऑटोमॅटिक म्हणजे महागड्या गाडीची चैन होती. ही स्वस्त पडली, कारण तिच्यात वेगळा गिअरबॉक्सच नाही. खाली जमिनीवर ठेवलेला डबा दाखवून मी म्हटलं, "ताई, हा नेहमीचा पाच गिअरचाच डबा. सकाळी तुम्ही स्विफ्टमध्ये वापरला तशाच बनावटीचा. वर बसवलेलं हे युनिट तेवढं वेगळं." त्या युनिटमध्ये एक छोटा पंप, तेल आणि वाल्व्ह असतात. संगणक हुकूम सोडतो, तेलाचा दाब क्लच दाबतो, गिअर बदलतो, क्लच सोडतो. चालकाचा डावा पाय आणि डावा हात यांचं काम यंत्र करतं. क्लच गेलेली नसते, फक्त पॅडल गेलेलं असतं.

म्हणूनच क्लच झिजते. गर्दीत तासन् तास रांगताना यंत्रसुद्धा हाफ क्लचवरच गाडी चालवतं. चढावर ब्रेक न लावता नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवली तर ती तापते, वास येतो. मी जुनी प्लेट त्यांच्या हातात दिली. रिव्हेटच्या टोकांपर्यंत घासलेली, फ्लायव्हीलवर निळसर डाग.

अण्णांनी प्लेट नखाने खरवडून पाहिली. "म्हणजे त्या वॅगनआरची अशीच झाली असणार."

"त्या वाटेवर आहे," मी म्हटलं.

प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून माझ्याकडे या गाडीला पंधरा हजारांच्या घरात खर्च येतो. काम झाल्यावर स्कॅनरने यंत्राला नवी क्लच कुठे पकडते ते शिकवावं लागतं. हे न करता गाडी देणाऱ्या कारागिराकडे जाऊ नये. वरचं युनिटच निकामी झालं तर मात्र खर्च कित्येक पटींनी वाढतो. आजच्या वॅगनआरमध्ये त्याची चिन्हं नव्हती: गिअर अडकत नव्हता, तेलाची गळती नव्हती, पंप सतत घरघरत नव्हता. पण पुढे कधीच होणार नाही याची हमी मी देत नाही आणि कोणी दिली तर घेऊ नका, असंही सांगितलं.

दोन्ही गाड्यांचं इंजिनही एकाच घराण्यातलं आहे, १.२ लिटरचं के-सिरीज. चेन तीच, बरेचसे स्पेअर पार्ट तेच. इंजिन तेच, डबा त्याच जातीचा. मग दोन लाखांचा फरक नक्की कशाचा, हा प्रश्न मुलीने स्वतःच विचारला.

चार

वहीवर हिशेब मांडला. स्विफ्ट दोन ऐंशीला सुटेल. टायर, बुश, नंबरप्लेट, विमा आणि नावावर करणं धरून तीन लाख पंधरापर्यंत जाईल. वॅगनआर चार पंचाहत्तरला बसवली तर क्लच आणि विम्याच्या फरकासकट पाच लाखांच्या आतबाहेर. फरक पावणेदोन-दोन लाखांचा, हे तिचं गणित बरोबर निघालं.

पण त्याच वहीत दुसरा रकाना काढला. २०२८ ला स्विफ्टची नोंदणी संपत आलेली असेल तेव्हा तिला गिऱ्हाईक फारच थोडं मिळेल. वॅगनआरची नोंदणी २०३५ पर्यंत आहे, तीन वर्षांनी विकली तरी तिची बरी रक्कम हातात येईल. म्हणजे ते दोन लाख सगळे खर्च होत नाहीत, त्यातला मोठा भाग गाडीत अडकतो. फीची वेळ आधी आली तर अडकलेला पैसा उपयोगाचा नाही, हेही मी तिला सांगितलं. तिने वडिलांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "फीचं माझ्यावर सोड." हा घरातला विषय, त्यात मी पडलो नाही.

मग मी माझं खरं म्हणणं सांगितलं, आणि ते गिअरबद्दल नव्हतंच. तुमचा रोजचा रस्ता नवले पुलावरून जातो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथपर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले न्यूट्रलवर गाडी सोडतात, ब्रेक तापून निकामी होतात आणि खाली उभ्या असलेल्या गाड्या चिरडल्या जातात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका ट्रकने तिथे किती गाड्या उडवल्या ते सगळ्या पुण्याने पाहिलं आहे. अशा धडकेत कुठलीही छोटी गाडी तगेलच असं नाही. पण रात्री दहाला पावसात समोर दुचाकी आडवी आली तर जोरात ब्रेक मारूनही चाकं लॉक न होता गाडी वळवता येते, ती एबीएसमुळे. दुभाजकावर आदळल्यावर छाती आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये काही असतं, ते एअरबॅगमुळे. वॅगनआर मजबूत किल्ला आहे असं मी म्हणत नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१९ च्या धडक चाचणीत तिला दोनच तारे मिळाले. पण २०१४ मध्ये याच संस्थेने त्या पिढीची एअरबॅग नसलेली स्विफ्ट धडकवली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नव्हता.

झिजलेली क्लच मी उद्या दुपारपर्यंत बदलून देतो. टायर तासाभरात बदलतात. ज्या गाडीत एअरबॅग नाहीत, तिच्यात त्या नंतर बसवून देणारा प्रामाणिक कारागीर मला अजून भेटलेला नाही. सेन्सर, वायरिंग, स्टिअरिंग, सीटबेल्ट सगळं त्याभोवती रचलेलं असतं.

मुलगी बराच वेळ वहीकडे बघत होती. मग तिने तिच्या विद्येतला एक मुद्दा काढला जो माझ्या यादीत नव्हता. वॅगनआरची सीट उंच आहे. आजीचे गुडघे पुरते वाकत नाहीत, स्विफ्टमध्ये बसताना तिला खाली उतरावं लागेल आणि निघताना अंगाचा सगळा भार गुडघ्यांवर घेऊन उठावं लागेल. वॅगनआरमध्ये ती नुसती सरकून बसेल. माझ्या यादीत आता हाही रकाना आला आहे.

साडेपाच

वॅगनआर पुन्हा मागवली आणि यावेळी अण्णांना चालवायला दिली. खेड शिवापूरच्या अलीकडून वळून बोगद्यातून परत, म्हणजे तोच उतार. आयुष्यभर एस.टी. चालवलेल्या हातांनाही सवय मोडायला वेळ लागतो. पहिल्या दहा मिनिटांत डावा पाय दोनदा क्लच शोधायला गेला. मी त्यांना डावा पाय मागे घेऊन ठेवायला सांगितलं. नाही तर तोच पाय चुकून ब्रेकवर आदळतो.

बोगदा संपल्यावर म्हटलं, "अण्णा, आता डीवरून एमवर घ्या आणि तिसऱ्याला आणा." इंजिनाने गाडी आवळून धरली, ब्रेकवर फारसा पाय ठेवावा लागला नाही. एस.टी.त घाट उतरताना त्यांनी हेच आयुष्यभर केलं. "चढला तोच गिअर उतरायला," ते मुलीला म्हणाले. ऑटोमॅटिक घेणाऱ्यांतले कित्येक जण एम या खुणेला कधी हातच लावत नाहीत आणि सगळा उतार ब्रेकवर काढतात. ते चूक आहे.

खाली आल्यावर आणखी एक सवय लावून दिली. या गाडीत गाडी जखडून ठेवणारी पी ही खूण नसते. उभी करताना गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. न्यूट्रलवर सोडून नुसत्या हँडब्रेकवर चढाला उभी करू नये.

शेवटी मुलगी बसली. गर्दीत तिचे खांदे सकाळपेक्षा सैल होते. आरशात जास्त वेळा बघत होती. "पण काका, माझी गिअरची सवय जाईल," ती म्हणाली. जाईल, थोडी जाईल. आपल्याकडे चारचाकीचा परवाना दोन्हींना एकच आहे, त्यामुळे कागदावर अडचण नाही. गॅरेजची जुनी ओम्नी आहे, ती रविवारी घाटात न्या, असं मी सांगितलं. हे मी मनापासून बोललो. हाताने गिअर टाकता येणं ही कामाची विद्या आहे आणि ती तिने टिकवावी असं मला वाटतं.

साडेसात

वारज्यातल्या तरुणाला क्लचची थरथर पुन्हा चालवून दाखवली. जुनी प्लेट सोबत नेली होती. त्याने चार ऐंशी म्हटलं, अण्णांनी चार सत्तर. चार पंचाहत्तरला मिटलं. टोकन पंचवीस हजार, बाकीची रक्कम बँकेचा बोजा उतरल्यावर आणि सह्या झाल्यावर. पावतीवर चेसिस नंबर, किलोमीटर आणि "बोजा न उतरल्यास टोकन परत" हे वाक्य लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

स्विफ्टच्या मालकालाही फोन केला. त्यांची गाडी खरोखर चांगली आहे. तिच्या मानाचं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं: बजेट तीनच लाख, गावातलं फिरणं, वेग कधी चाळीसच्या वर जात नाही, कर्ज काढायचं नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, तेव्हा ज्याच्याकडे पाच लाख नाहीत त्याने ते उसने काढून ऑटोमॅटिक घ्यावी असं मी कधीच सांगणार नाही. त्याने तीन लाखांत एअरबॅगवाली, थोडी छोटी, थोडी जास्त चाललेली मॅन्युअल शोधावी. ती मिळते, वेळ लागतो.

नऊ

शटर ओढण्याआधी आजच्या दोन्ही तपासण्या नोंदल्या. परीक्षा संपल्यावर, पहिली नोकरी लागल्यावर किंवा इंटर्नशिप सुरू झाल्यावर मुलं-मुली माझ्याकडे येतात ती "गिअरची घेऊ की ऑटोमॅटिक?" हा प्रश्न घेऊन. ज्यांना माझ्याकडे येणं शक्य नाही त्यांना इथेच सांगतो. तो प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. जाहिरातीतला फोन लावलात की मॉडेल आणि किलोमीटर विचारण्याआधी व्हेरिएंटचं पूर्ण नाव विचारा, आणि त्या व्हेरिएंटला त्या साली एअरबॅग आणि एबीएस होतं का हे कंपनीच्या तेव्हाच्या माहितीपत्रकात बघा. नसेल आणि तुमचं फिरणं गावाबाहेरचंही असेल, तर गाडी कितीही जपलेली असो, बघायला जाऊ नका.